तिकीट मिळालं? आधी कोर्ट, मग ट्रॅफिक स्कूल

कॅलिफोर्नियातल्या आय-५ हायवेवर कोअलिंगाच्या गोठ्यांचा वास मागे पडला की पुढचा रस्ता फूटपट्टीने आखल्यासारखा सरळ होतो. थँक्सगिव्हिंगच्या आदल्या दिवशी आम्ही लॉस एंजेलिसला निघालो होतो. मागच्या सीटवर पोरगं झोपलेलं, डब्यात धपाटे, आणि माझा पाय जरा जडच. केटलमन सिटीच्या अलीकडे आरशात निळे-लाल दिवे दिसले. वेगमर्यादा ताशी ७० मैल, पोलिसाने दिलेल्या तिकिटावर (म्हणजे चलानावर) लिहिलेला वेग ८६. चूक माझीच होती, त्यात वाद नाही.

खरा गोंधळ घरी आल्यावर सुरू झाला. एक मित्र म्हणाला, "अरे, ऑनलाइन पैसे भर आणि विसरून जा." दुसरा म्हणाला, "वेडा आहेस का, आधी ट्रॅफिक स्कूल कर, तिकीट कॅन्सल होतं." दोन्ही सल्ले चुकीचे निघाले. पहिला ऐकला असता तर पॉइंट बसला असता. दुसरा ऐकला असता तर कोर्टाने परवानगी दिलेली नसताना कोर्सचे पैसे गेले असते.

आपली अर्धी अडचण सवयीची असते. आपल्याकडे पावती फाडली की विषय संपतो. ई-चलान आलं तर लोक अदालत लागेपर्यंत वाट बघू, निम्म्यात मिटेल, असाही हिशेब लोक करतात. कॅलिफोर्नियात यातलं काहीच चालत नाही. इथे तिकिटाचे पैसे नुसते भरून टाकले की तुम्ही गुन्हा कबूल केलात असं धरलं जातं. कोर्ट ते डीएमव्हीला (इथलं आरटीओ) कळवतं आणि तुमच्या रेकॉर्डवर एक पॉइंट येतो. वेगाच्या तिकिटाचा पॉइंट तीन वर्षं राहतो. बारा महिन्यांत ४, चोवीस महिन्यांत ६ किंवा छत्तीस महिन्यांत ८ पॉइंट झाले तर डीएमव्ही तुम्हाला निष्काळजी चालक ठरवून लायसन्सवर गदा आणू शकते. तिथवर आपल्यापैकी फारसं कुणी जात नाही. आपल्याला चटका बसतो तो इन्शुरन्सच्या हप्त्यातून.

ट्रॅफिक स्कूल, म्हणजे वाहतूक नियमांचा छोटा कोर्स, हा त्या पॉइंटवरचा उपाय आहे. तिकीट त्याने रद्द होत नाही आणि दंड माफ होत नाही. दोषी ठरल्याची नोंदही राहते. फक्त ती गोपनीय होते, म्हणजे इन्शुरन्स कंपनीला दिसत नाही आणि पॉइंट मोजला जात नाही. २०११ च्या मध्यापर्यंत इथे कोर्स केल्यावर केस खरोखरच काढून टाकली जायची. मग कायदा बदलला. जुन्या मंडळींचा "तिकीट कॅन्सल होतं" हा सल्ला त्या काळातला आहे.

आधी राज्य बघा

हा लेख कॅलिफोर्नियाचा आहे, कारण मी त्यातून गेलोय. तुमचं तिकीट दुसऱ्या राज्यातलं असेल तर इथली पायरी तिथे लावू नका. टेक्सासात सहा तासांचा ड्रायव्हिंग सेफ्टी कोर्स पूर्ण केला तर तिकीट खरंच डिसमिस होतं. पण विनंती तिकिटावरच्या हजर राहण्याच्या तारखेपर्यंत करावी लागते, गेल्या बारा महिन्यांत असा कोर्स याच कारणासाठी केलेला नसावा, आणि वेग मर्यादेपेक्षा २५ मैल किंवा त्याहून जास्त असेल तर दार बंद. एडिसनकडच्या मंडळींसाठी चित्र वेगळं आहे. न्यू जर्सीत डिफेन्सिव्ह ड्रायव्हिंगचा कोर्स तिकिटाला हातही लावत नाही. तो रेकॉर्डवरचे दोन पॉइंट कमी करतो, तेही पाच वर्षांतून एकदा, आणि इन्शुरन्सवर सवलत देतो. न्यूयॉर्कचा कोर्स चार पॉइंटपर्यंत मोजणी खाली आणतो आणि हप्त्यावर तीन वर्षं दहा टक्के सूट देतो. तिथेही तिकीट तसंच राहतं.

लायसन्स एका राज्याचं आणि तिकीट दुसऱ्या राज्याचं असेल तर आणखी एक पीळ पडतो. कॅलिफोर्नियाचं ट्रॅफिक स्कूल कॅलिफोर्नियाच्या डीएमव्हीतली नोंद झाकतं. तुमचं राज्य त्या नोंदीचं काय करतं हे ते राज्य ठरवतं. पैसे भरण्याआधी तिकडच्या खात्याला एक फोन करा.

तिकिटाचा कागद नीट वाचा

पोलीस तुमच्याकडून सही घेतो. ती सही गुन्ह्याची कबुली नसते, कोर्टात हजर राहण्याचं किंवा प्रकरणाची दखल घेण्याचं वचन असतं. सही द्यायला नकार दिला तर अटक होऊ शकते, म्हणून तिथे बाणा दाखवू नका. रस्त्याकडेला वाद घालून तिकीट मागे घेतलेलं मी तरी पाहिलेलं नाही.

घरी आल्यावर त्या पिवळट कागदाचा फोटो काढून ठेवा, कारण कार्बनची अक्षरं महिन्याभरात पुसट होतात. मग चार गोष्टी शोधा. सायटेशन नंबर, म्हणजे तिकिटाचा क्रमांक. कलमाचा नंबर. वेगाच्या तिकिटावर तुमचा अंदाजे वेग आणि तिथली मर्यादा. आणि सगळ्यात खाली कोर्टाचं नाव व तारीख.

हे कोर्ट तुमच्या घराजवळचं नसतं, ज्या काउंटीत पकडलं तिथलं असतं. मी राहतो सांता क्लारा काउंटीत, तिकीट किंग्ज काउंटीचं, म्हणजे कोर्ट हॅनफर्डला. योसेमिटीला जाताना किंवा एलएच्या वाटेवर मिळालेल्या तिकिटांचं हेच होतं. सुदैवाने ट्रॅफिक स्कूलसाठी प्रत्यक्ष जावं लागत नाही, बहुतेक कोर्टांत सगळं वेबसाइटवर किंवा टपालाने होतं. पण आपल्याच काउंटीच्या साइटवर नंबर घालून "सापडत नाही, म्हणजे तिकीट सिस्टिममध्ये गेलंच नाही" म्हणून खूश होणारे लोक मला माहीत आहेत.

योग्य साइटवरही तिकीट दिसायला दोन-चार आठवडे लागू शकतात. दरम्यान कोर्ट साधारणपणे घरी एक पत्र पाठवतं, त्याला कर्टसी नोटीस म्हणतात. त्यात किती रक्कम भरायची आणि ट्रॅफिक स्कूल चालेल का, ते लिहिलेलं असतं. पण हे पत्र म्हणजे कोर्टाचा शिष्टाचार आहे, बंधन नाही. अपार्टमेंट बदललं, पत्र हरवलं, पोचलंच नाही, यातलं कोणतंही कारण कोर्ट ऐकत नाही. तारीख तिकिटावरचीच खरी. ती चुकली तर शंभर डॉलरपर्यंत जादा आकारणी होऊ शकते. हजर राहण्याचं सही करून दिलेलं वचन मोडणं हा वेगळा गुन्हा आहे, आणि तो मूळ तिकिटापेक्षा वरच्या दर्जाचा. म्हणजे साध्या वेगाच्या तिकिटातून केवळ आळसापायी फौजदारी प्रकरण उभं राहू शकतं. तारखेच्या आठवडाभर आधीपर्यंत साइटवर काहीच दिसत नसेल तर क्लार्कच्या ऑफिसला फोन करा, आणि फोन कधी केला, कोण काय म्हणालं ते लिहून ठेवा.

तुम्हाला ट्रॅफिक स्कूल मिळेल का

लायसन्स चालू हवं. गाडी साधी, खासगी हवी. गुन्हा एका पॉइंटचा, गाडी चालवतानाचा हवा. त्यात दारू किंवा अमली पदार्थांचा संबंध नको आणि कोर्टात हजेरी सक्तीची केलेली नको. वेग मर्यादेपेक्षा २५ मैलांहून जास्त असेल तर क्लार्क परवानगी देऊ शकत नाही, न्यायाधीशांसमोर जावं लागतं. शंभर मैलांच्या वर गेलात तर ते दोन पॉइंटचं प्रकरण, तिथे ट्रॅफिक स्कूलचं नाव काढू नका, वकील शोधा.

आणि अठरा महिन्यांचा नियम. मागच्या वेळी ज्या तिकिटासाठी ट्रॅफिक स्कूल केलं, त्या गुन्ह्याच्या तारखेपासून या गुन्ह्याच्या तारखेपर्यंत अठरा महिने झालेले हवेत. कोर्स कधी संपवला किंवा पैसे कधी भरले याला महत्त्व नाही. ही गणती चुकवून लोक अर्ज करतात आणि नकार आल्यावर कोर्टाला नावं ठेवतात.

व्यावसायिक लायसन्स असणाऱ्यांसाठी नियम अर्धा आहे. स्वतःच्या खासगी गाडीत तिकीट मिळालं असेल तर कोर्स करता येतो, पॉइंट धरला जात नाही, पण नोंद झाकली जात नाही. ट्रक चालवून पोट भरणाऱ्याला हा फरक महाग पडू शकतो.

आता उलट बाजू. काही तिकिटांना हा खटाटोप करूच नये. हातात फोन धरल्याचं पहिलं तिकीट घ्या. दंड सगळं मिळून १६० डॉलरच्या आसपास, पण पहिल्या वेळी पॉइंट नाही. मग झाकणार काय? अठरा महिन्यांची ढाल विनाकारण खर्च होईल. छत्तीस महिन्यांत दुसऱ्यांदा फोनसह सापडलात तर मात्र पॉइंट बसतो, हे २०२१ च्या जुलैपासून. तसंच मागचा दिवा बंद, रजिस्ट्रेशनचं स्टिकर नाही अशी दुरुस्तीची तिकिटं. दुरुस्ती करून सही-शिक्का आणा, २५ डॉलर भरा, प्रकरण मिटलं.

पैसे: तीन वेगळे खिसे

सगळ्यात जास्त धक्का दंडाच्या रकमेचा बसतो. माझ्या गुन्ह्याचा मूळ दंड ७० डॉलर. ७० ऐकून मला हायसं वाटलं होतं. मग पत्र आलं ते साडेतीनशेच्याही वरचं. झालं असं की मूळ दंडाच्या प्रत्येक दहा डॉलरमागे राज्य, काउंटी, कोर्टाच्या इमारती, डीएनए निधी अशा नाना खात्यांचे मिळून जवळजवळ २९ डॉलर चढतात. वर वीस टक्के अधिभार, ४० डॉलर कोर्टाच्या कामकाजाचे, ३५ डॉलर दोषी ठरल्याचे. ७० चे ३६५ च्या आसपास होतात ते असे.

वेगाच्या दंडाच्या पायऱ्या आहेत. मर्यादेपेक्षा १५ मैलांपर्यंत जास्त असाल तर मूळ ३५, सगळं मिळून २३५ च्या जवळपास. १६ ते २५ मैल जास्त असाल तर वर सांगितलेला ७० चा हिशेब. त्यापुढे मूळ १००, म्हणजे पावणेपाचशेच्या वर. मी ८५ ने जात असतो तर सव्वाशेहून जास्त डॉलर वाचले असते. एका मैलाची ही किंमत बायकोने मला बरेच दिवस ऐकवली.

कोर्टाच्या कागदांवर या रकमेला "बेल" म्हणतात. मी पुण्याला आईशी फोनवर बोलताना सहज म्हणालो, "बेल भरली आज." पलीकडे शांतता. मग दबक्या आवाजात, "जामीन? अरे, पकडलं होतं का तुला?" तेव्हा तुम्ही घरी सांगताना दंड म्हणा.

तर पहिला खिसा हा पूर्ण दंड. तो ट्रॅफिक स्कूल केलं तरी पैनपै भरायचाच. दुसरा खिसा कोर्टाचं ट्रॅफिक स्कूलचं शुल्क, बहुतेक काउंटींत ५० ते ७० डॉलरच्या दरम्यान. ते परत मिळत नाही, कोर्स पूर्ण केला नाही तरी. तिसरा खिसा शाळेची फी, ती शाळेला थेट द्यायची. ऑनलाइन कोर्स स्वस्त असतात, बरेचसे वीस-तीस डॉलरमध्ये होतात.

म्हणजे दंडाच्या वर साधारण ७० ते १०० डॉलर आणि एक दिवस. इन्शुरन्सच्या तुलनेत हे परवडतं का? १९८८ च्या प्रपोझिशन १०३ मुळे (मतदारांनी मंजूर केलेला कायदा) इथे चांगल्या चालकाला किमान वीस टक्के सवलत कायद्याने मिळते, आणि तीन वर्षांत एकच पॉइंट असेल तर ती टिकते. म्हणून काही जण म्हणतात, एका पॉइंटने काय होतं. होतं एवढंच की सवलत राहिली तरी कंपनी रेकॉर्ड पाहून मूळ हप्ता वाढवू शकते, आणि पुढचा पॉइंट आला की सवलतही जाते. घरात दोन गाड्या आणि नुकतंच लायसन्स मिळालेला मुलगा असेल तर हे शंभर डॉलर खर्चायला मागेपुढे बघू नका.

पैशांची खरंच ओढाताण असेल, नोकरी गेली असेल, तर राज्याच्या कोर्टांची मायसायटेशन्स नावाची ऑनलाइन सोय आहे. उत्पन्न दाखवून दंड कमी करण्याची किंवा हप्ते पाडण्याची विनंती करता येते. तिथे अर्ज करताना गुन्हा मान्य करावा लागतो. दंडात सूट आणि ट्रॅफिक स्कूल दोन्ही हवं असेल तर अर्जाचं बटण दाबण्याआधी क्लार्कला विचारा, कोणतं आधी करायचं.

कोर्टाच्या साइटवर कोणतं बटण

इथे सावकाश चला, कारण सगळा खेळ याच पानावर आहे. सायटेशन नंबर किंवा लायसन्स नंबर आणि जन्मतारीख घातली की तुमचं प्रकरण उघडतं. त्यापुढे साधारण तीन वाटा असतात: पूर्ण रक्कम भरून केस बंद करणं, ट्रॅफिक स्कूलसह भरणं, आणि तिकिटाला आव्हान देणं.

पहिली वाट सगळ्यात वर आणि सगळ्यात सोपी दिसते. रात्री अकरा वाजता, कार्ड हातात, एकदाचं संपवू या भावनेने बोट तिकडेच जातं. ती निवडली की केस बंद, आणि पॉइंट डीएमव्हीकडे रवाना. नंतर कोर्टाला विनवणी करता येते, पण ते ऐकतीलच असं नाही. आमच्या ओळखीतल्या एका ताईंनी हेच केलं. वर "मी तर दंड भरला, आता स्कूल करते" म्हणून कोर्सही केला. कोर्टाने मंजुरीच दिलेली नव्हती, कोर्सची नोंद कुठेच लागली नाही.

दुसरी वाट निवडलीत की साइट अठरा महिन्यांबद्दल आणि लायसन्सबद्दल विचारते, दंड आणि शुल्क एकत्र घेते आणि कोर्स पूर्ण करण्याची शेवटची तारीख देते. ही तारीख प्रत्येक कोर्टात वेगळी असते, साधारण दोन-तीन महिन्यांची. पावती डाऊनलोड करा आणि त्यावर ट्रॅफिक स्कूलचा उल्लेख आहे ना ते तपासा. नसेल तर दुसऱ्याच दिवशी फोन.

तिसऱ्या वाटेबद्दल थोडक्यात. तुम्ही खरोखर निर्दोष असाल तर टीआर-२०५ हा फॉर्म भरून लेखी खटला लढवता येतो, कोर्टात न जाता. दंडाची रक्कम आधी जमा करावी लागते, जिंकलात तर परत मिळते. हरलात तर निकाल टपालात टाकल्यापासून वीस दिवसांत प्रत्यक्ष खटल्याची मागणी करता येते. पण हरल्यावर ट्रॅफिक स्कूल द्यायचं की नाही हे न्यायाधीशांच्या हातात राहतं. माझ्या बाजूने सांगण्यासारखं काहीच नव्हतं, म्हणून मी त्या वाटेला गेलो नाही.

शाळा निवडताना

कोर्टाची पावती हातात आल्यावरच शाळा शोधा. नेटवर शोधलंत की पहिली दहा-बारा नावं जाहिरातींची येतात: सगळ्यात स्वस्त, सगळ्यात विनोदी, एका तासात संपणारा. यादी डीएमव्हीच्या साइटवर आहे, तिथूनच निवडा. प्रत्येक मान्यताप्राप्त शाळेला डीएमव्हीचा लायसन्स नंबर असतो आणि तो शाळेच्या पानावर असावा लागतो. तो नंबर डीएमव्हीच्या यादीतल्या नंबराशी जुळवा. नावात थोडाफार फरक असलेल्या साइट्स बऱ्याच आहेत.

इन्शुरन्सवर सूट मिळवण्यासाठी ज्येष्ठांना असलेला कोर्स, नव्या चालकांचा ड्रायव्हर एज्युकेशन कोर्स, आणि ट्रॅफिक व्हायोलेटर स्कूल हे तीन वेगळे प्रकार आहेत. एकच कंपनी तिन्ही विकते आणि पानं सारखी दिसतात. तुम्हाला तिसरा हवा. नोंदणी करताना कोर्टाचं आणि काउंटीचं नाव अचूक निवडा, लायसन्स नंबर आणि सायटेशन नंबर कागद समोर ठेवून टाका. मी गर्दीच्या ट्रेनमध्ये फोनवरून भरायला गेलो आणि एक आकडा उलटा टाकला. सुधारायला दोन ईमेल लागले.

फी भरण्याआधी लहान अक्षरं वाचा. जाहिरातीत दहा डॉलर आणि शेवटच्या पानावर "प्रक्रिया शुल्क", "जलद नोंद" मिळून तीस, असा प्रकार चालतो. शाळा तुमची नोंद डीएमव्हीकडे इलेक्ट्रॉनिक पद्धतीनेच पाठवते. तेव्हा "जलद" साठी पैसे देण्याआधी शेवटची तारीख खरंच उंबरठ्यावर आहे का ते बघा.

कोर्स कसा असतो

वर्गातला कोर्स ४०० मिनिटांचा, म्हणजे सहा तास चाळीस मिनिटांचा. ऑनलाइन तो तुकड्यातुकड्यांत करता येतो, मधे थांबता येतं. धडे वाचायचे, प्रत्येक धड्याशेवटी छोटी चाचणी, अधूनमधून तुम्हीच आहात ना हे पडताळणारे प्रश्न. शेवटी परीक्षा, ७० टक्के लागतात. मी तीन रात्री जेवणानंतर बसलो. शेवटच्या तारखेच्या आदल्या रात्री बसू नका, कारण नोंद पोचायला काही दिवस जातात आणि कोर्ट नोंद पोचल्याची तारीख बघतं.

बायकोला किंवा भाच्याला बसवून उत्तरं द्यायला लावू नका. सुरुवातीलाच तुम्ही स्वतः कोर्स करत असल्याचं लिहून देता, आणि ते खोटं ठरणं हे वेगाच्या तिकिटापेक्षा वाईट.

कंटाळा येईल असं वाटलं होतं. पण पंधरा वर्षं इथे गाडी चालवूनही मला जे माहीत नव्हतं ते त्यात निघालं. मधल्या डाव्या वळणाच्या लेनमधून २०० फुटांपेक्षा जास्त जाता येत नाही. मी तिला बिनधास्त दुकानापर्यंतचा जोडरस्ता समजत होतो. शाळेची पिवळी बस लाल दिवे लावून थांबली की दोन्ही बाजूंनी थांबायचं. फक्त मधे दुभाजक असेल किंवा दोन्ही दिशांना दोन-दोन लेन असतील तर समोरून येणाऱ्याला सूट. सायकलवाल्याला ओलांडताना शक्य असेल तर पूर्ण लेन बदलायची, हे २०२३ पासून. आणि पादचाऱ्यांच्या पट्ट्याआधीच्या २० फुटांत गाडी लावायची नाही, कडेला लाल रंग नसला तरी. याचा दंड २०२५ पासून सुरू झाला. आमच्या गल्लीत निम्म्या गाड्या त्याच २० फुटांत उभ्या असतात.

परीक्षेला हीच बारीक आकडेवारी येते. एकवीस वर्षांखालच्या चालकासाठी रक्तातल्या दारूची मर्यादा ०.०१ टक्के, प्रौढांना ०.०८, व्यावसायिक वाहनाला ०.०४. असे आकडे वहीत उतरवून ठेवलेत तर पुरे.

कोर्स संपल्यावर

"अभिनंदन" असं पान दिसलं म्हणजे काम झालं असं नाही. शाळा काही दिवसांत डीएमव्हीला कळवते, तिथून ते कोर्टाला दिसतं. दोन आठवड्यांनी कोर्टाच्या साइटवर जाऊन प्रकरण पूर्ण झालं का बघा. दिसत नसेल तर आधी शाळेला विचारा, त्यांनी कोणत्या तारखेला आणि कोणत्या नंबराने पाठवलं. बहुतेक वेळा एखादा चुकलेला आकडा निघतो. शेवटची तारीख जवळ असेल तर थेट कोर्टात फोन करून मुदत मागा. मुदत उलटली की ते प्रकरण साध्या दोषसिद्धीसारखं डीएमव्हीकडे जातं, पॉइंटसह, आणि भरलेले पैसे गेलेलेच.

महिन्या-दीड महिन्याने डीएमव्हीच्या साइटवरून स्वतःचं रेकॉर्ड मागवा. दोन डॉलर लागतात. त्यावर पॉइंट नाही ना ते बघा. इन्शुरन्सच्या नूतनीकरणाआधी हे केलेलं बरं, चूक असली तर दुरुस्तीला वेळ मिळतो.

व्हिसावर असाल तर

एच-१बी किंवा ग्रीन कार्डच्या रांगेत असलेल्या प्रत्येकाचा पहिला प्रश्न हाच असतो. साधं वेगाचं तिकीट कॅलिफोर्नियात इन्फ्रॅक्शन असतं, सगळ्यात खालच्या दर्जाचं, ज्याला तुरुंगवासाची शिक्षा नाही. त्यावरून झोप उडवून घेऊ नका. पण ट्रॅफिक स्कूलने नोंद गोपनीय झाली म्हणून "तिकीट मिळालंच नव्हतं" असंही लिहू नका. ग्रीन कार्ड आणि नागरिकत्वाच्या अर्जांत अटकेसोबत सायटेशनबद्दलही विचारतात. गोपनीयता इन्शुरन्सपुरती आहे, अर्जात खरं सांगावं लागतं. नागरिकत्वाच्या अर्जाच्या सूचनांत एक सोय आहे: अटक झाली नसेल, दारू-ड्रग्जचा संबंध नसेल आणि शिक्षा ५०० डॉलरच्या आतला दंड किंवा पॉइंट एवढीच असेल तर कागदपत्रं जोडावी लागत नाहीत. तारीख चुकवून वाढलेला आकडा ५०० च्या पलीकडे गेला तर ही सोय हातातून जाऊ शकते. अर्जात नेमकं काय लिहायचं ते मात्र तुमच्या इमिग्रेशन वकिलालाच विचारा.

म्हणून तिकिटाचा फोटो, कोर्टाची पावती, शाळेचं पूर्ततापत्र आणि कोर्टाचं केस बंद झाल्याचं पान, हे चारही पीडीएफ पासपोर्ट आणि आय-७९७ (इमिग्रेशन खात्याची मंजुरीची नोटीस) जिथे ठेवता त्याच फोल्डरात ठेवा. कोर्टं जुन्या ट्रॅफिक केसेस कायम जपत नाहीत, आणि अर्ज भरायची वेळ दहा वर्षांनीही येऊ शकते. आमच्या फोल्डरात त्या चार फाइल्स "केटलमन" या नावाने आहेत. बायकोने दिलेलं नाव आहे, मी बदललेलं नाही.